तळाचा घास

गणपतीपुळे या नावातील 'पुळे' हा शब्द 'पुळण' या शब्दाशी जोडला जातो. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. डोंगराच्या पायथ्याशी पश्चिमाभिमुख देऊळ आणि देवळासमोर पसरलेली ही पुळण, असे या गावाचे चित्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. मात्र ती वाळू लाटांच्या रेषेपाशी संपत नाही. ती पाण्याखाली पुढे जाते आणि हळूहळू गाळात मिसळते. कोकणच्या किनाऱ्यावर अशा वाळूत आणि गाळात, अंगावर वाळूचा पातळ थर ओढून, एक मासा पडून असतो. मराठीत त्याला लेप म्हणतात, मालवणीत लेपो. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, जमिनीला दिलेल्या लेपासारखाच तो तळाशी चिकटलेला असतो.

लेपाची शरीररचना विलक्षण आहे. अंड्यातून बाहेर पडलेले त्याचे पिल्लू इतर माशांसारखेच उभे पोहते आणि त्याला दोन बाजूंना दोन डोळे असतात. पुढे उजवा डोळा डोक्यावरून सरकत डाव्या बाजूला येतो आणि मासा कायमचा एका कुशीवर झोपतो. हे कसे घडले असावे, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. डोळा किंचित सरकल्याने माशाला काय लाभ, हा मिव्हार्टचा आक्षेप डार्विनला इतका महत्त्वाचा वाटला की १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत त्याने त्याला सविस्तर उत्तर दिले. अर्धवट सरकलेल्या डोळ्याचे जीवाश्म अभ्यासून त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले ते थेट २००८ साली. आपल्या विषयापुरते एवढे लक्षात ठेवणे पुरेसे आहे की या माशाचे दोन्ही डोळे वर आहेत आणि त्याचे अन्न खाली आहे. तो पाहतो एकीकडे आणि जेवतो दुसरीकडे.

अशा माशाला काचेच्या टाकीत जगवायचे तर त्याला भरवायचे कसे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण मासा काय खातो हे माणसाने आजवर कशासाठी जाणून घेतले, याचा इतिहास या प्रश्नामागे उभा आहे. तो पाहू लागलो की पहिल्यांदा हाती येतो तो गळ. संस्कृतात 'आमिष' म्हणजे मांस; तेच पुढे गळाला लावायचे खाद्य झाले आणि त्यानंतर कोणताही मोह. मराठीत आपण 'आमिष दाखवले' असे सहज म्हणतो, आणि कुणी 'गळाला लागला' असेही. माशाच्या खाण्याविषयीचे आपले जुने ज्ञान भाषेत असे साठले आहे. घास ठाऊक होता, कारण घासाच्या पोटात लोखंड होते.

या ज्ञानाचा एक जुना आणि तपशीलवार लेख आपल्याच परिसरात सिद्ध झाला. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९, हे त्याचे साल सांगितले जाते. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशतींतून राज्यप्राप्तीपासून पाककृतीपर्यंत आणि हत्तींच्या लक्षणांपासून संगीतापर्यंत राजजीवनाचे सारे विषय त्यात आले आहेत. राजाच्या करमणुकींच्या विंशतीत 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, लहान आणि मोठे अशी माशांची विभागणी तेथे केली आहे. तीसहून अधिक जातींची नावे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या माशाला कोणते खाद्य चालते, याचा विचार आहे. काहींना पिठाचे व धान्याचे गोळे, काहींना मांस. प्रत्येकाची रुची वेगळी आहे, हे येथे गृहीत धरलेले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा शास्त्रीय अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला आणि प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानाचा तो एक मोठा पुरावा मानला. अर्थात राजाला मासा हवा होता तो गळाला, आणि पुढे ताटात. विनोद राजाचा होता.

मराठीच्या विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' परका नाही. मराठीचा आरंभकाळ शिकवताना शिलालेखांच्या जोडीने हा ग्रंथ हटकून येतो, कारण त्याच्या संगीतविषयक भागात काही मराठी पदे सापडतात. त्यांतले सर्वाधिक परिचित पद दशावतारांचे आहे, आणि त्याचा आरंभ मत्स्यावताराने होतो: माशाचे रूप घेऊन रसातळातून वेद वर आणणारा नारायण. मराठी काव्याच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एकात असा तळाशी गेलेला मासा यावा, हा योगायोग सुंदर आहे. पण आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्या ग्रंथातून तेवढी पदे उचलली आणि उरलेला ग्रंथ बाजूला ठेवला. वेद आणणारा मासा अभ्यासक्रमात आला. पिठाचा गोळा खाणारा मासा त्याच ग्रंथात असूनही आला नाही. गायकवाड ओरिएंटल मालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेल्या तीन खंडांचे नाव आपण विद्यार्थ्यांना सांगतो. मत्स्यविनोद किती वर्गांत वाचून दाखवला जातो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

गळाखेरीज मासे भरवण्याची दुसरीही परंपरा आपल्याकडे आहे आणि ती श्रद्धेची आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महासीर मासे देवीचे मानले जातात. ते कुणी मारत नाही. येणारे भाविक त्यांना खाऊ घालतात आणि मासे पाण्याच्या पृष्ठभागावर झुंडीने येतात. या श्रद्धेने एका मोठ्या माशाला अभय दिले, ही गोष्ट निसर्गसंरक्षणाच्या दृष्टीने मोलाची आहे. तरीही या दानाची एक मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. वरून टाकलेला दाणा वर येणाऱ्यालाच मिळतो. दात्याला जो दिसतो, तोच याचक ठरतो. डोहाच्या तळाशी दगडांच्या फटीत जे जीव असतात, त्यांच्या वाट्याला उरलेसुरले जाते, आणि ते जेवले की नाही हे काठावरून कळण्याची सोय नसते.

ती सोय काचेने केली. लंडनमध्ये १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टनने पाणवनस्पती आणि प्राणी एकत्र ठेवून टाकीतले पाणी दीर्घकाळ निकोप राखता येते, हे प्रयोगाने दाखवले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे दालन उघडले आणि १८५४ च्या फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. तोवर जिवंत मासा पाहायचा तो काठावरून, म्हणजे पाठीकडून. नाहीतर विळीवर, म्हणजे मेलेला. आता माणूस माशाच्या पातळीवर येऊन उभा राहिला. तळ डोळ्यांसमोर आला, आणि त्यासोबत तळाशी राहणाऱ्याची भूकही दिसू लागली.

लेपाचा युरोपीय भाऊबंद म्हणजे सोल. इंग्लंडमधील प्लिमथची सागरी प्रयोगशाळा १८८८ साली सुरू झाली आणि तिथे कनिंगहॅमने या माशावर एक सबंध ग्रंथ लिहिला. तो १८९० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विल्यम बेटसनचा माशांच्या ज्ञानेंद्रियांविषयीचा निबंध आला. हाच बेटसन पुढे आनुवंशशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव देणार होता. निबंधाच्या शीर्षकातच आमिषाच्या पुरवठ्याचा उल्लेख आहे, कारण मच्छीमारांना आमिष पुरेसे मिळत नव्हते आणि त्याला पर्याय हवा होता. म्हणजे प्रश्न अजूनही गळाचाच होता. पण बेटसन टाकीसमोर बसून पाहत राहिला तेव्हा त्याला वेगळेच काही उमगले. दिवसभर वाळूत पुरून घेतलेला सोल अंधार पडल्यावर बाहेर येतो. अन्न शोधताना तो डोळ्यांवर विसंबत नाही. पाण्यात पसरलेल्या वासाने तो जागा होतो आणि मग डोक्याच्या खालच्या बाजूने तळ चाचपत जातो; त्या बाजूला बारीक केसांसारखे स्पर्शाचे अवयव असतात. वर दिसणारा घास त्याच्या उपयोगाचा नाही, ज्याला गाल लागेल तोच त्याचा. घासाची चौकशी गळासाठी सुरू झाली आणि माशाच्या अनुभवविश्वापाशी पोहोचली. या इतिहासातले खरे वळण हेच आहे.

महाराष्ट्रात हे वळण विसाव्या शतकाच्या मध्यावर आले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. रत्नागिरीत झाडगाव येथे १९५८ साली सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. तेथील देवमाशाचा सांगाडा आणि मत्स्यालय पाहायला गणपतीपुळ्याहून परतणारे प्रवासी आवर्जून थांबतात. काचेपुढे थांबणाऱ्या प्रेक्षकाला सहसा कल्पना नसते की तळाच्या माशाला भरवणे हे किती जिकिरीचे काम आहे. पाण्यावर तरंगणारे खाद्य मधल्यामधे चपळ मासे फस्त करतात, म्हणून जड, बुडणारे खाद्य लागते. पकडून आणलेला मासा प्रथम कित्येक दिवस काही खातच नाही. त्याला आधी जिवंत किडे किंवा बारीक कोळंबी द्यावी लागते, आणि मग हळूहळू चिरलेल्या कोळंबीची व तिसऱ्यांच्या मांसाची सवय लावावी लागते. दिवे मालवल्यावर तो घास त्याच्या तोंडापाशी ठेवावा लागतो. खालची वाळू मऊ असावी लागते, नाहीतर पोटाला जखमा होतात. आणि उरलेले अन्न वेळीच काढावे लागते, कारण ते कुजले की पाण्यात अमोनिया वाढतो आणि दयाच विष ठरते. या घासात लोखंड नाही आणि पुण्यही नाही. भरवणाऱ्याला जे सोयीचे ते येथे चालत नाही. खाणाऱ्याला जे शक्य आहे, तेच करावे लागते.

यातले बरेचसे ज्ञान कोकणच्या मच्छीमारांपाशी पिढ्यान् पिढ्या होतेच. कोणता मासा वाळूचा, कोणता चिखलाचा, कोणता रात्रीचा, कोणाच्या पोटात काय सापडते, हे किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्याला आणि मासा साफ करणाऱ्या बाईला ठाऊक असते. पण ते शब्दांत राहते, आणि शब्द आमच्या हवाली आहेत. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि त्यानंतर १८५७ च्या कोशात अनेक माशांच्या नावांपुढे 'एक प्रकारचा मासा' एवढ्याच आशयाचा अर्थ येतो. परकीय कोशकाराने एवढे तरी नोंदवले, म्हणून त्याला दोष देता येत नाही. दोष येतो तो त्याच्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांवर. दरम्यान समुद्राचा तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी आली आणि मासेमारीचे नियमन करणारा कायदा राज्याला १९८१ साली करावा लागला. रापणीचे दिवस ओसरत गेले. जाळे बदलले की त्याच्या दोऱ्या, कप्पे, भरती-ओहोटीच्या वेळा आणि त्यात येणाऱ्या माशांची पिल्लावस्थेतली वेगळी नावे एकेक करून बोलण्यातून जातात. भाषेचा तळही असा खरवडला जातो, आणि तो वरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड आहे. तेथे १८६६ साली केशवसुतांचा जन्म झाला आणि १९९४ मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले. मराठीच्या विभागांच्या सहली तेथे नियमाने जातात, जायलाच हव्यात. त्याच सहलीत एक सकाळ बंदरावर घालवून माशांची नावे, ते कुठे राहतात आणि काय खातात हे वहीत उतरवून घेणे मुळीच कठीण नाही. परतल्यावर ती वही आणि 'मत्स्यविनोद' शेजारी ठेवून वाचता येतील. सोमेश्वराने नोंदवलेल्या नावांपैकी कोणती आजही किनाऱ्यावर ओळखू येतात, हा एम.ए.च्या प्रबंधिकेला पुरेल असा विषय आहे. त्यासाठी जुना ग्रंथ उघडावा लागेल आणि कोळणीला प्रश्न विचारावे लागतील. दोन्हीही अजून शक्य आहे.