नागपुरात उतरायचं कुठे?

परगावी जाताना मराठी मध्यमवर्गीय माणूस हॉटेल शोधत नाही, आधी नातेवाईक शोधतो. मावसबहिणीच्या चुलतदिरापर्यंत तपास करूनही त्या गावात कुणी सापडलं नाही, तरच नाइलाजानं लॉजचा विषय निघतो. मग सल्ले सुरू होतात. ज्यानं ते गाव पाहिलेलं असतं तो सांगतो, "स्टेशनजवळच उतरा." ज्यानं पाहिलेलं नसतं तो बजावतो, "स्टेशनजवळ मुळीच उतरू नका." आवाज दोघांचाही सारखाच ठाम असतो.

नागपूरच्या बाबतीत हा स्टेशनजवळचा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. कारण नागपूरच्या स्टेशनाला दोन तोंडं आहेत. पश्चिमेकडून बाहेर पडलात तर सीताबर्डी, सदर, सिव्हिल लाइन्स. पूर्वेकडून, म्हणजे संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडलात तर सेंट्रल अव्हेन्यू, गांधीबाग, इतवारी, महाल. मधून रूळ गेलेले. एका बाजूला भोसल्यांचं नागपूर, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचं. आपल्याला वाटतं आपण खोली निवडतो आहोत. प्रत्यक्षात आपण शतक निवडत असतो.

पश्चिमेच्या नागपूरकराला विचारा. तो म्हणेल, "गांधीबागेत कायले जाता जी? थ्या गर्दीत रिक्षा बी शिरत नाई." पूर्वेचा म्हणेल, "तिकडे काय ठेवलं आहे? सगळे बंगले. रात्री चहा तरी भेटते का?" दोघंही खरं बोलतात, आणि दोघंही दुसऱ्या बाजूला वर्ष-वर्ष फिरकलेले नसतात.

हे शहर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानं, १७०२ च्या सुमाराला. त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, राजधानी इथे आणली. पुढे पहिल्या रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकात इथेच ठाण मांडलं आणि महालाभोवती पेठा वाढल्या. या पेठांची नावं वारांवरून. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. नवख्या माणसाची पहिली फजिती इथेच होते. "मी बुधवारीत राहतो, रविवारी मंगळवारीत जातो, तुम्ही शुक्रवारी इतवारीत या," असं कुणी सरळपणानं सांगितलं, तरी ऐकणारा खिशातलं पंचांग काढतो.

आता या नागपुरात पाहुणे कुठे उतरत आले, याचाही एक इतिहास आहे, आणि तो थोडा सावध करणारा आहे. १७९९ साली कंपनी सरकारनं भोसल्यांच्या दरबारी हेन्री कोलब्रुक यांना वकील म्हणून पाठवलं. माणूस संस्कृतचा गाढा पंडित. असा पाहुणा कुणाला नको असेल? हे दोन वर्षांत परतले, पण पाहुण्याची जागा रिकामी राहिली नाही. पुढे आलेल्या रेसिडेंटांचा मुक्काम असे सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पश्चिमेला, शहरापासून बाजूला. यजमानांना वाटलं असेल, बरं झालं, पाहुणा जरा लांब आहे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी त्याच टेकड्यांवर लढाई जुंपली आणि दुसऱ्या दिवशी संपली तेव्हा टेकडी पाहुण्याच्या ताब्यात होती. त्यावर किल्ला झाला. तिसरे रघुजी अज्ञान असेपर्यंत राज्याचा कारभारही रेसिडेंट जेंकिन्स यांनी चालवला. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं घरच खालसा केलं. उतरायला बाजूची जागा मागणाऱ्या पाहुण्यापासून जपावं, हे यावरून शिकण्यासारखं आहे.

मग १८६७ साली आगगाडी आली, आणि पाहुण्यांचं स्वरूपच बदललं. पूर्वी येणारा कुणाचा तरी पाहुणा असायचा; आता येणारा कुणाचाच नसायचा, नुसता प्रवासी असायचा. योगायोग असा की त्याच १८६७ साली सरकारनं सराईंचा कायदा केला. सराईवाल्यानं खोल्या झाडून ठेवाव्यात, विहीर नीट राखावी, चौकीदार नेमावा, दरपत्रक लावावं, कुणाला साथीचा आजार झाला तर चौकीवर कळवावं. कायदा शहाणा होता. आजच्या काही लॉजमध्ये राहून आल्यावर तर तो फारच शहाणा वाटतो.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गाड्या भरून माणसं येऊ लागली. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष, आणि प्रतिनिधी साडेचौदा हजारांच्या घरात! ज्यांच्या घरी लग्नाला दीडशे माणसं उतरली आहेत, त्यांनी या आकड्यापुढे हात जोडावेत. असहकाराचा ठराव झाला, पाहुणे गेले, पण वस्तीला काँग्रेसनगर हे नाव ठेवून गेले. गादी-उशी नेणारे पाहुणे आपण पाहिले आहेत. नाव ठेवून जाणारे विरळा. (नावं ठेवून जाणारे पुष्कळ.) १९६० पासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरू लागलं. मंत्र्यांना रविभवन, नागभवन, आमदारांना आमदार निवास अशी सोय आहे. पण त्यांच्या मागून येणाऱ्यांची संख्या अशी असते की त्या दिवसांत गावात खोली मिळणं कठीण. पहिल्यांदा नागपूर पाहायचं असेल तर डिसेंबरातले ते दिवस तेवढे टाळावेत.

आणि पहिल्यांदाच जायचं असेल तर, मला विचाराल तर, गांधीबागेत उतरावं. नावात बाग आहे, बागही आहे, पण माणूस तिथे जातो तो बाजारासाठी. कापडाचा ठोक बाजार, औषधांचा ठोक बाजार, पलीकडे इतवारीचा सराफा. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, छिंदवाडा, बालाघाट इथले दुकानदार सकाळी येतात, माल बांधतात आणि मुक्काम पडलाच तर इथल्याच लॉजवर पाठ टेकतात. लॉज म्हणजे दोन दुकानांच्या फटीतून वर गेलेला जिना. जिन्याच्या वर एक टेबल, टेबलामागे एक गृहस्थ आणि गृहस्थांच्या मागे किल्ल्यांचा फळा. "चोवीस तास गरम पाणी" ही पाटी. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा हे आश्वासन मालकानं काहीही न करता पाळलं जातं. तेव्हा खोली पाहताना पलंग बघू नका, कूलर बघा. तो सुरू करून बघा. कूलरचा आवाज येतो आणि गार वाराही येतो, अशी खोली मिळाली तर दार लावून घ्या, कुणाला सांगू नका.

सकाळी खाली उतरलात की तर्री-पोहे. इथे खाताना अंगावर पांढरा सदरा नसावा. दुपारच्या सावजी जेवणाबद्दल मी काही सांगत नाही; ते ज्याचं त्यानं आपल्या जबाबदारीवर अनुभवावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर काळी आणि पिवळी मारबत याच जुन्या वस्तीतून वाजतगाजत जाताना दिसतील. त्यासाठी सिव्हिल लाइन्समधून यायला नको. आणि डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल अव्हेन्यूवरून मेट्रोही धावते, अग्रसेन चौकात उतरवते. तेव्हा रिक्षा शिरत नाही ही तक्रारही आता जुनी झाली.

पण खोली मिळण्याआधी एक विधी असतो. टेबलामागचे गृहस्थ लांबलचक रजिस्टर पुढे सरकवतात. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, कामाचं कारण. आपण कंटाळत, वेडंवाकडं काहीतरी खरडतो. ओळखपत्र दाखवतो. किल्ली मिळते. या एका मिनिटात विशेष काही घडलं असं आपल्याला वाटत नाही.

१९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला एक तरुण नोकरीसाठी बडोद्याला उतरला. त्यालाही तोच प्रश्न होता, उतरायचं कुठे? हिंदू हॉटेलं होती, पण जात लपवल्याशिवाय तिथे शिरकाव नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदारानं रोजच्या दीड रुपयात ठेवून घेतलं, पण रजिस्टरात पारशी नाव लिहायचं या अटीवर. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. बॅरिस्टर व्हायचा होता, अर्थशास्त्राचा विद्वान होता, संस्थानाचा अधिकारी होता. पण मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यानं कामाठीबागेत बसून काढले. ज्याला खोली नाही त्याला बाग. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत डॉ. आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

१८६७ च्या त्या शहाण्या कायद्याला विहिरीची काळजी होती, चौकीदाराची होती. दारातल्या माणसाला जातीमुळे परत पाठवणं हा गुन्हा ठरायला १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा यावा लागला. हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना, सगळ्यांची नावं घेऊन त्यानं सांगितलं. गंमत म्हणजे दोन्ही कायदे आपापल्या वर्षाचे बाविसावे. बाविसाव्यापासून बाविसाव्यापर्यंत यायला अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली.

त्यानंतर वर्षभरानं, ११ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेब नागपूरला आले आणि सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले. स्वतःच्या नावानं. तिथेच १३ तारखेला पत्रकारांना भेटले, १४ तारखेला दीक्षा घेतली आणि दिली. नागपूरच का, याचं उत्तर त्यांनी १५ तारखेच्या भाषणात दिलं: नाग लोकांची ही भूमी, बौद्ध धर्म पसरवणाऱ्यांची. त्या दिवशी आलेल्या लाखो माणसांपैकी कितीतरी जणांची ती नागपूरची पहिलीच भेट असणार. हॉटेल त्यांच्यापैकी फार थोड्यांना परवडणारं होतं. तरी व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या त्या मैदानावरून त्यांना कुणी उठवणार नव्हतं, आणि दर दसऱ्याला पुन्हा तिथे यायला त्यांना कुणाच्या रजिस्टराची गरज पडली नाही.

तेव्हा नागपूरला जाल तर पूर्वेच्या दारानं बाहेर पडा, गांधीबागेतला एखादा जिना चढा, आणि रजिस्टर पुढे आलं की कंटाळू नका. नाव नीट लिहा. पूर्ण, स्वतःचं, वाचता येईल अशा अक्षरात. भाड्याचं मात्र पहिल्या आकड्याला कबूल होऊ नका. बाजारपेठ आहे, घासाघीस केली नाही तर मालकालाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.