मिरचीचा तरवा आणि सावता महाराज

माघ सरत आला की कोल्हापुरात पहाटे गारवा असतो, पण दुपार तापायला लागते. परसात उन्हाळी भाज्यांचं बी घालायची हीच वेळ. भेंडी, गवार, दोडका थेट जागेवर टोकायचे. मिरची, वांगी, टोमॅटोचा मात्र आधी तरवा टाकायचा आणि पाच-सहा आठवड्यांनी रोपं उचलून लावायची. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, असं आपण म्हणतो.

पण मंडळी, किती पिढ्या? मिरची आणि टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, आणि त्याच शतकात मिरची आपल्याकडे आली. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. म्हणजे पन्हाळ्याच्या शिलाहार राजा भोजच्या ताटात आपला तांबडा रस्सा असणं शक्यच नव्हतं!

मग सावता माळींचं काय? अरणच्या या संताने १२९५ मध्ये समाधी घेतली, आणि मळ्यावरच्या त्यांच्या सर्वांना पाठ असलेल्या अभंगात तर मिरची आहे. काही जण म्हणतील, तिथे मिरी अभिप्रेत असेल. पण मिरीचा वेल दमट हवेतला, सोलापूरकडच्या कोरड्या मळ्यातला नव्हे. मला वाटतं, पुढच्या गाणाऱ्यांनी आपल्या वाफ्यातली भाजी त्यात घातली असावी. यात अभंगाला उणेपणा येत नाही. परकं बी घरचं कसं झालं, याचाच तो पुरावा.

ते घरचं झालं, कारण दरवर्षी कुणीतरी चांगल्या झाडावरची फळं बियाण्याला राखली. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. पुढे संकरित बियाणं गावोगाव पोचलं, उत्पन्न वाढलं. पण संकरित झाडाचं बी धरलं तर पुढची झाडं तशीच निघत नाहीत, म्हणून दरवर्षी पाकीट आणणं आलं आणि बी राखायची सवय सुटत गेली. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपले, त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. घरोघरी बायका जे मुकाट्याने करत होत्या, त्याचाच तो मान.

तेव्हा यंदा तरवा गावरान बियांचा टाका. आणि सर्वांत निरोगी झाडावरच्या दोन-चार मिरच्या, कितीही मोह झाला तरी, लाल होऊन वाळेपर्यंत तोडू नका.