सुतावरून स्वराज्य: न विणल्या गेलेल्या धाग्यांचा इतिहास

१/ मराठी घरांतल्या ट्रंकेत किंवा माळ्यावरच्या पिशवीत एक अर्धवट स्वेटर हमखास सापडतो. पाठ पूर्ण झालेली, एक बाही कोपरापर्यंत आलेली, सुया टाक्यांत तशाच अडकलेल्या आणि भोवती नव्याने आणलेले लोकरीचे गुंडे. रत्नागिरीसारख्या दमट गावातही, जिथे स्वेटरची गरज क्वचितच पडते, ही पिशवी असते. रेंगाळलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. तो वाक्प्रचारही लोकरीचाच. आजचा हा धागा अशाच न विणल्या गेलेल्या धाग्यांविषयी आहे.

२/ लोकर विकत घ्यायला पाच मिनिटे पुरतात, विणायला महिने लागतात. म्हणून साठा वाढतो आणि काम मागे राहते. यात आळसाचा भाग असेलही. परंतु सूत आणि कापड यांच्यातली ही तफावत मोठमोठ्या उद्योगांना आणि चळवळींनाही भोवली आहे. त्यातले दोन प्रसंग महाराष्ट्रातले आहेत आणि रत्नागिरीचा त्या दोहोंशी जवळचा संबंध आहे.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. १७३३ मध्ये इंग्लंडात जॉन के याने धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. विणकराचा वेग वाढला आणि त्याला सूत अपुरे पडू लागले. पुढच्या अर्धशतकात हारग्रीव्ह्ज, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन यांची कताईयंत्रे आली. आता सूत अमाप झाले आणि माग अपुरे पडू लागले. १७८५ मध्ये कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले, ते ही दुसरी उणीव भरून काढण्यासाठी. एक टप्पा पुढे गेला की दुसरा मागे राहतो, हे वस्त्रोद्योगाचे जुने दुखणे आहे.

४/ आता मुंबई. कावसजी दावर यांची पहिली यशस्वी कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. त्याच वर्षी रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. पुढच्या चार दशकांत मुंबईत गिरण्या भराभर वाढल्या. पण त्यांच्या चात्यांच्या मानाने माग फार थोडे होते. बारीक कापडाच्या बाजारात मँचेस्टरचे वर्चस्व असल्यामुळे मुंबईच्या गिरणीमालकांनी जाडेभरडे सूत काढण्यावर भर दिला आणि त्यातले पुष्कळसे सूत चीनला पाठवले.

५/ हा डोलारा परक्या विणकरांच्या हातांवर उभा होता. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला बंद केल्या. रुपया चांदीपासून तुटला, आणि चांदीत व्यवहार करणाऱ्या चीनला मुंबईचे सूत महाग पडू लागले. जपानी गिरण्यांची स्पर्धा वाढली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि कामगार गावाकडे पळाले. चीनची बाजारपेठ आटू लागताच, सूत काढणाऱ्याजवळ स्वतःचे माग नसले तर काय होते, हे गिरणीमालकांना कळून चुकले. विसाव्या शतकात त्यांनी मागांची संख्या वेगाने वाढवली.

६/ यात रत्नागिरी कुठे? थेट गिरणीच्या आत. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी सुमारे निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. हा जुना रत्नागिरी जिल्हा, ज्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. कापूस हे कोकणचे पीक नव्हे. तरीही कोकणातली अगणित घरे परळ-लालबागच्या गिरण्यांतून आलेल्या मनिऑर्डरींवर चालत होती. ज्या मातीत कापूस पिकत नाही, त्या मातीतली माणसे मुंबईत सूत काढत होती.

७/ गिरणीच्या सुताचा आणखी एक परिणाम झाला. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव येथले हातमागावरचे विणकर गिरणीचे सूत वापरू लागले. ते एकसारखे, पक्के आणि हवे तेवढे मिळे. हातमाग टिकला, चरखा मात्र घराघरांतून नाहीसा होत गेला. हा क्रम ध्यानात ठेवावा. खादी चळवळीपुढची पुढची अडचण इथेच रुजली आहे.

८/ गांधीजींच्या आश्रमातही आधी माग आला, चरखा नंतर. आश्रमवासी प्रारंभी गिरणीचेच सूत विणत. आपण सूतगिरण्यांचे बिनमोल दलाल होऊन बसलो आहोत, ही जाणीव गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातल्या विजापूर येथे चरखे शोधून काढले आणि हाताने कातलेल्या सुताची वाट मोकळी झाली. या आत्मकथेचा मराठी अनुवाद सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांनी केला. कोकणात ते अप्पासाहेब पटवर्धन या नावाने ओळखले जात; ‘कोकणचे गांधी’ ते हेच.

९/ १९२१ च्या वसंतात बेझवाडा येथे काँग्रेस महासमितीने तीन उद्दिष्टे ठरवली: टिळक स्वराज्य फंडासाठी १ कोटी रुपये, काँग्रेसचे १ कोटी सभासद आणि देशभर २० लाख चरखे. मागांविषयी असा कोणताही आकडा या तिहेरी कार्यक्रमात नव्हता. सूत निघाले की कापड आपोआप होईल, असे जणू गृहीत धरले गेले होते.

१०/ जून १९२४ मध्ये अहमदाबादला ठरले की, काँग्रेसच्या कार्यकारी मंडळांतील सभासदांनी रोज अर्धा तास कातावे आणि दरमहा २००० वार सूत पाठवावे. डिसेंबरात बेळगाव येथे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. तिथे सूत हीच काँग्रेसची वर्गणी ठरली. न. चिं. केळकर यांच्यासारख्या टिळकपक्षीय नेत्यांना ही अट रुचली नव्हती. तडजोड म्हणून, ज्याला स्वतः कातता येत नसेल किंवा कातायचे नसेल, त्याने दुसऱ्याकडून सूत मिळवून द्यावे, अशी सवलत ठेवण्यात आली.

११/ थोडे गणित करू. इंचाला ताण्याचे ४० आणि बाण्याचे ४० धागे धरले, तर एक चौरस वार कापडाला २८८० वार सूत लागते. म्हणजे दरमहाच्या २००० वारांतून फार तर एखादा पंचा निघेल. ४५ इंच पन्ह्याच्या नऊवारी लुगड्याला याच हिशेबाने ३२,४०० वार सूत लागेल. वर्षभराची वर्गणी होती २४,००० वार. वर्षभर एकही दिवस न चुकता कातले, तरी घरातल्या एका बाईचे एक लुगडे पुरे होत नव्हते.

१२/ तूट भरून काढायची तर अनेकांचे सूत एकत्र करायला हवे. खरी अडचण तिथेच सुरू होते. विणकराला संपूर्ण ताण्यासाठी एकाच जाडीचे, एकसारख्या पिळाचे सूत लागते. वकील, शिक्षक, विद्यार्थी आणि व्यापारी यांनी फावल्या वेळात कातलेले सूत कुठे दोरीसारखे जाड, तर कुठे केसासारखे बारीक. मागावर ताण बसला की ते तटकन तुटे. प्रत्येक तुटलेला धागा सांधताना विणकराचा वेळ जाई, आणि त्याची मजुरी तर कापडाच्या लांबीवर ठरलेली. त्याने गिरणीचे सूत पसंत केले, तर त्यात देशद्रोह शोधण्याचे कारण नाही. तो पोटापुरता हिशेब होता.

१३/ यावर एक पळवाट होती: ताणा गिरणीच्या सुताचा घ्यायचा आणि हातसूत फक्त बाण्यात वापरायचे. बाण्यावर ताण कमी येतो, त्यामुळे दुबळे सूतही खपून जाते. पण असे कापड शुद्ध खादी ठरत नव्हते. कडक व्याख्या पाळायची तर विणकर मिळेना, आणि विणकर सांभाळायचा तर व्याख्या ढिली होई. सूत समान, मजबूत आणि नीट मोजलेले असावे, असे गांधीजींना आपल्या साप्ताहिकांतून पुन्हापुन्हा सांगावे लागले, ते यामुळेच.

१४/ बेळगावच्या सवलतीचा परिणामही व्हायचा तोच झाला. वर्गणी भरण्यापुरते सूत विकत आणता येत होते. ज्या सुताने माणसाचे श्रम सिद्ध व्हायचे, ते सूत एक प्रकारचे चलन होऊन बसले. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला हा नियम बदलला: वर्षाला चार आणे किंवा स्वतः कातलेले २००० वार सूत, यांपैकी काहीही चालेल. त्याच वेळी अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला आणि कताई-विणाईचे संघटन स्वतंत्र संस्थेकडे गेले. अवघ्या नऊ महिन्यांत सुताची सक्ती मागे घ्यावी लागली होती.

१५/ कोकणात तर अडचणी दुप्पट. कापूस घाटावरून आणायचा. पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट की पिंजणाची तात सैल पडते, कापूस नीट पिंजला जात नाही, पेळू चिकट होतात आणि कातलेल्या लडीवर बुरशी चढते. विणायला उशीर झाला, तर इथे सूत नुसते पडून राहत नाही, ते सडते. मार्च १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीत आले, तो दौरा खादीकार्यासाठी निधी गोळा करण्याचा होता. त्या मुक्कामात त्यांची आणि तेव्हा तिथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांची भेट झाली. आज फक्त ती भेटच लोकांच्या स्मरणात आहे, खादीचा निधी नाही.

१६/ पुढच्या काळात सुताला माग मिळावा म्हणून नाना उपाय झाले. दोन धागे एकत्र पिळून ‘दुबटे’ सूत करण्याचा आग्रह धरला गेला. त्याने मागावर तुटणे कमी होई. सुताची मापेही बांधली गेली: चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. वारांत सांगायचे तर गुंडी सुमारे ८५३ वारांची. १९४५ मध्ये तर चरखा संघाने ग्राहकांकडून खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने मागितला. कापड हवे असेल, तर त्याचा थोडा तरी धागा स्वतः काता, असा त्याचा अर्थ.

१७/ गांधीजींच्या हत्येनंतर विनोबांच्या प्रेरणेने ‘सूतांजली’ सुरू झाली: १२ फेब्रुवारीला प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करायची. त्या गुंडीचे कापड किती होईल, हा प्रश्न इथे गौण ठरला. देणाऱ्याचे श्रम आणि निष्ठा हेच तिचे मोल होते. १९२४ मध्ये जो विरोधाभास चळवळीला छळत होता, त्याला इथे मोकळेपणाने मान्यता मिळाली. १९४८ मध्ये कणकवलीला ‘गोपुरी’ उभारणाऱ्या अप्पासाहेबांनी तर आपल्या कामाचा भर सफाई, मैलाखत आणि जातिनिर्मूलन यांवर ठेवला. कोकणच्या मातीला काय मानवेल, याचा विचार त्यांच्याजवळ होता.

१८/ मग या साऱ्याला अपयश म्हणायचे का? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी इथे थांबून विचार करतो. खादीचे मूल्यमापन करताना एक बाजू कातलेल्या वारांचे आकडे पुढे करते, दुसरी न खपलेल्या मालाचे. दोन्ही बाजू एकच चूक करतात: सूत आणि कापड यांना एकाच तराजूत घालतात. कातलेले सूत सांगते की किती माणसांनी इच्छा केली, रोज थोडा वेळ दिला. विणलेले कापड सांगते की त्या इच्छेला कारागीर, भांडवल आणि बाजार यांची साथ मिळाली की नाही. या दोन आकड्यांमधले अंतर हाच खरा अभ्यासाचा विषय आहे.

१९/ या अंतरात एक माणूस कायम अदृश्य राहतो, तो म्हणजे विणकर. कातणाऱ्याचे फोटो निघाले, चरखा ध्वजावर आला, टपाल तिकिटांवर आला. माग आणि मागावर बसलेले कोष्टी, साळी, मोमीन मात्र चित्राच्या कडेलाच राहिले. कताई अर्ध्या तासाच्या व्रतात बसते. विणाई हा आयुष्यभराचा धंदा आहे. व्रत करणाऱ्यांची संख्या वाढवता येते, कारागीर मात्र ठराव करून निर्माण होत नाही.

२०/ शेवटी एक विनंती. कोकणातल्या जुन्या घरांतून पेट्या-पेटारे आता भंगारात जात आहेत. त्यांत कुठे पिवळी पडलेली सुताची गुंडी मिळाली, तर तिला जळमट समजून फेकू नका. तार मोजा, जाडी पाहा, दोरा कुठे तुटून सांधला आहे ते पाहा, सोबत नावाची चिठ्ठी असेल तर जपून ठेवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: हे कुणी कातले आणि विणायचे का राहिले? ‘सुतावरून स्वर्ग गाठू नये’ असे आपल्याला शिकवले जाते. पण एका पिढीने सुतावरून स्वराज्य गाठायचे ठरवले होते. तिचे उरलेले सूत निदान एकदा उलगडून तरी पाहावे.

धागा समाप्त. तुमच्या घरातल्या गुंड्यांविषयी खाली जरूर लिहा.