ड्रॅक्युलाच्या गोष्टीतली भाकर

ड्रॅक्युला म्हटलं की सुळे, काळा झगा आणि क्रूस पाहून मागे सरकणारा काउंट डोळ्यांसमोर येतो. ख्रिस्ती देशातली गोष्ट, तिथे क्रूस असणारच, असं आपल्याला वाटतं. पण ब्रॅम स्टोकरची मूळ कादंबरी (१८९७) वाचताना मला नवल वाटलं ते त्याचंच.

स्टोकर डब्लिनचा, प्रॉटेस्टंट घरातला. आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, पण सत्ता पिढ्यान्‌पिढ्या प्रॉटेस्टंटांची. दोघांतल्या भांडणाचा एक मोठा विषय म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली पवित्र भाकर. ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, ही कॅथलिकांची श्रद्धा. 'मी हे मानत नाही' असं जाहीर केल्याशिवाय १६७८ पासून १८२९ पर्यंत लंडनच्या संसदेत बसताच येत नसे!

आता कादंबरी बघा. ट्रान्सिल्व्हेनियाला निघालेल्या जोनाथन हार्करच्या गळ्यात तिथल्या हॉटेलची म्हातारी मालकीण स्वतःचा क्रूस घालते. असल्या वस्तू म्हणजे मूर्तिपूजा, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. पण म्हातारीचं मन मोडवत नाही. पुढे दाढी करताना त्याला कापतं, काउंट गळ्याकडे झेपावतो आणि क्रूसाच्या माळेला हात लागताच भानावर येतो. हार्करचा विश्वास आहे की नाही, हे तो क्रूस विचारत नाही.

मग कॅथलिक डॉक्टर व्हॅन हेल्सिंग ॲम्स्टरडॅमहून तीच भाकर आणतो. ती चुरून थडग्याच्या फटी लिंपतो. टाइपरायटर आणि फोनोग्राफ वापरणारी शिकलेली मंडळी आजोबांच्या काळी संसदेनं नाकारलेल्या वस्तूच्या आडोशाला उभी राहतात.

पण खरी गंमत, किंवा खरं दुःख, मीनाचं. काउंट तिला बळजबरीनं स्वतःचं रक्त पाजतो. हा त्या उपासनेचाच उलटा विधी. नंतर रक्षणासाठी व्हॅन हेल्सिंग तिच्या कपाळाला भाकर लावतो, तर कपाळ भाजतं. तिचा काय गुन्हा? ड्रॅक्युला मरेपर्यंत तो डाग जात नाही. मला हा प्रसंग साऱ्या पुस्तकात भयंकर वाटतो. रक्षण करणारी वस्तूच निरपराध बाईला डागते.

आणि तोच डाग कपाळावर घेऊन मीना पुरुषांना सांगते, की त्या ड्रॅक्युलाचीही कीव करा. क्रूस आणि भाकर सैतानाला अडवतात, पण दया कुणी दाखवली असेल तर ती जिला 'अपवित्र' ठरवलं गेलं तिनं.