चार वर्षांनीं आलेलें विजेतेपद

इतिहासांत विजेत्याचें नांव ठळक अक्षरांत येतें आणि दुसरा आलेला बहुधा विसरला जातो. परंतु तें ठळक नांवच खोटें असेल तर तें कोणीं पुसावें? स्वित्झर्लंडचा सायकलपटु थॉमस फ्रिश्क्नेख्ट याच्या चरित्रांत या प्रश्नाचें एक विलक्षण उत्तर आम्हांस आढळतें.

थॉमसचा जन्म १९७० सालचा. वडील पीटर हे सायक्लो-क्रॉसमधील नामांकित स्पर्धक. हिंवाळ्यांतील चिखलांतून सायकल हांकावयाची, आणि जेथें चाक चालत नाहीं तेथें ती खांद्यावर घेऊन धांवावयाचें, असा हा युरोपांतील खेळ. त्यांत थॉमस १९८८ सालीं कुमारांचा व १९९१ सालीं हौशी गटाचा जगज्जेता झाला. दरम्यान, १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत जन्मलेली डोंगरी सायकल युरोपांत येऊन पोंचली होती. चिखलांत कमावलेला दम व तोल त्याला डोंगरांतही उपयोगीं पडला. १९९२, १९९३ व १९९५ सालीं त्यानें विश्वचषक जिंकला. जागतिक अजिंक्यपद मात्र सतत हुलकावणी देत राहिलें. १९९०, १९९१ व १९९२ या तिन्ही वर्षीं तो दुसराच आला. १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिकमध्यें या खेळास प्रथमच स्थान मिळालें. तेथेंही त्याच्या वांट्यास रौप्यपदकच आलें. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांतील केर्न्स येथें फ्रान्सचा जेरोम शिओती जगज्जेता ठरला आणि थॉमस चौथ्यांदा दुसरा.

रक्तांतील तांबड्या पेशी वाढवून दम टिकविणारें एरिथ्रोपोएटिन नांवाचें औषध त्या काळीं सायकलपटूंत गुपचूप चालत असे. तें ओळखणारी चांचणीच तेव्हां नव्हती. ऑलिंपिकमध्यें ती २००० सालीं, सिडनी येथें आली. अर्थात् कागदोपत्रीं शिओती निष्कलंक होता आणि मौन पाळता तर तसाच राहता. परंतु २००० सालीं त्यानें आपण होऊन अपराध कबूल केला, आणि केर्न्स येथें मिळालेला जगज्जेत्याचा पोषाख व सुवर्णपदक थॉमसच्या स्वाधीन केलें.

या घटनेंत न्याय झाला असें आम्हीं म्हणूं, पण पुरता नव्हे. अंतिम रेषा प्रथम ओलांडतांना जो जयघोष कानीं पडावयाचा, तो चार वर्षांनीं कोणासही परत करतां येत नाहीं. शिओतीची कबुली त्याचा अपराध पुसत नाहीं; तथापि जें काम कोणत्याही प्रयोगशाळेस साधलें नाहीं, तें त्याच्या मनाच्या टोंचणीनें केलें, हेंही नाकारतां येत नाहीं.

तो जयघोष थॉमसला पुढें मिळाला. २००३ सालीं लुगानो येथें झालेल्या दीर्घ पल्ल्याच्या जागतिक स्पर्धेंत तो स्वतःच पहिला आला, आणि २००८ सालीं निवृत्त झाला. नंतर त्याच्या मार्गदर्शनाखालील संघांतील नीनो शुर्टर यानें २०१६ सालीं रिओ येथें ऑलिंपिक सुवर्णपदक पटकावलें. गुरूच्या हातून वीस वर्षांपूर्वीं निसटलेलें पदक असें शिष्याच्या गळ्यांत पडलें.