चकाकी आणि लाकूड

पॅरिसचा चित्रकार ग्युस्ताव्ह कायबॉत याने १८७५ साली तीन मजूर रंगविले. उघड्या अंगाने, गुडघे टेकून ते एका घराची लाकडी जमीन खरवडीत आहेत. जुन्या रोगणाचे उरलेले पट्टे खिडकीच्या उजेडात चकाकतात. खरवडलेले लाकूड मात्र शांत दिसते. ‘सालों’च्या परीक्षकांनी चित्र नाकारले. उघड्या अंगाचे श्रम त्यांना रुचले नसावेत.

ते शांत रूप आज पुष्कळजण मुद्दाम मागतात, कारण तकाकीत प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. ‘मॅट’ रोगणातील सिलिकाची बारीक पूड प्रकाश विखुरते. ती तळाशी बसते, म्हणून डबा वारंवार ढवळावा लागतो; नाहीतर जमीन ठिकठिकाणी चमकते. सगळेच हात मॅटचे दिल्यास लाकडाच्या रेषा धूसर होतात, यास्तव जाणते कारागीर खालचे हात चकाकत्या रोगणाचे देतात. खरवडण्याचे काम आता यंत्र करते. कोपऱ्यांत मात्र अजूनही गुडघे टेकावे लागतात.