टकटक कुठून येते? – इंजिनाचे निदान आणि एका औषधाची गोष्ट

जुनी पद्मिनी गाडी भरल्या माणसांनिशी बोरघाट चढू लागली की पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज बॉनेटखालून येई. गॅरेजच्या भाषेत याला 'नॉकिंग' म्हणतात. मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी थोडी उशिरा पडेल असे करून देई. आवाज थांबे, पण लगेच दुसरी तक्रार सुरू होई : "गाडीला पिकअप राहिला नाही, अ‍ॅव्हरेजही पडलं."

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. हौशी मंडळींकडे मात्र अशा गाड्या अजून आहेत, आणि या दोन्ही तक्रारीही आहेत. त्यांचे मूळ शोधायला आपल्याला शंभर वर्षे मागे, अमेरिकेतल्या डेटन या गावी जावे लागेल.

दाबण्याचे गणित

पेट्रोल इंजिनात दट्ट्या हवा आणि इंधनाचे मिश्रण दाबतो, मग ठिणगी पडते. मिश्रणाचे आकारमान दाबल्यावर कितव्या भागाइतके होते, त्यावर इंजिनाची कार्यक्षमता ठरते. आदर्श चक्राचे गणित मांडले, तर ४ पट दाबले असता उष्णतेच्या सुमारे ४३ टक्के भागाचे कार्यात रूपांतर होते. ८ पट दाबले असता सुमारे ५६ टक्के. प्रत्यक्षात आकडे बरेच कमी येतात, पण दिशा तीच राहते. जास्त दाबा, तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी अधिक पळेल.

मग त्या काळी फोर्डच्या 'मॉडेल टी'सारख्या गाड्या ४ पटींच्या आसपासच का थांबत? कारण त्यापुढे टकटक सुरू होई, शक्ती घटे आणि कधी कधी दट्ट्याच फुटे. त्यातच मोटारी वाढल्या, तसे बाजारात मिळणारे पेट्रोल अधिक जड आणि हलक्या प्रतीचे होऊ लागले.

आरोपी कोण?

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेवर सुरू होणारा स्टार्टर बसवला. हँडल मारायचा त्रास गेला. ठिणगीही आता मॅग्नेटोऐवजी बॅटरीवरून पडू लागली. या गाड्या टकटक करू लागल्या, तेव्हा साहजिकच सर्वांनी नव्या ठिणगीकडे बोट दाखवले. नवी वस्तू आली आणि त्याच सुमारास दुखणे आले, की नवी वस्तूच दोषी, ही आपली सर्वांचीच सवय आहे.

केटरिंगला हे पटेना. १९१६ मध्ये त्याच्याकडे आलेल्या थॉमस मिजली या तरुण अभियंत्यावर त्याने हे काम सोपवले. शेतांवर वीज निर्माण करणारी त्यांची छोटी इंजिने केरोसीनवर चालवली की फारच टकटक करीत. मिजलीने सिलिंडरमधला दाब मोजण्यासाठी एक साधन वापरले. दाबाबरोबर त्यातला छोटा आरसा हले, आणि आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण दाबाचा आलेख उमटवी. आलेखाने स्पष्ट सांगितले, की टकटक ठिणगीच्या आधी नव्हे, नंतर होते. ज्योत पसरत असताना न जळलेले उरलेसुरले मिश्रण दाबामुळे आणि उष्णतेमुळे एकदम पेट घेते. ठिणगी निर्दोष होती, खोड इंधनात होती.

चुकीची कल्पना, योग्य कसोटी

असे का होते, याविषयी दोघांनी एक तर्क लढवला. लालसर पानांची एक रानवेल बर्फ वितळण्याआधीच फुलते, ती लाल रंगामुळे अधिक उष्णता शोषत असावी. मग केरोसीनच लाल केले तर? त्याचे बाष्प लवकर होईल आणि टकटक थांबेल. तेलात विरघळणारा रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडिन टाकले. टकटक थांबली!

शिक्षक मित्रांनो, आम्हाला ही गोष्ट वर्गात सांगावीशी वाटते ती तिच्या पुढच्या पायरीसाठी. मिजली तिथेच थांबला नाही. त्याने खरेखुरे लाल रंग आणून केरोसीनमध्ये घातले. काहीच फरक पडला नाही. मग रंगहीन असलेले आयोडिनचे एक संयुग घातले. टकटक पुन्हा थांबली. म्हणजे गुण लाल रंगाचा नव्हता, आयोडिनचा होता. सुंदर तर्क दोन साध्या प्रयोगांत कोसळला, पण खरी वाट सापडली. मुलांना आधी विचारून पाहावे, 'तुम्ही मिजलीच्या जागी असता तर पुढे कोणता प्रयोग केला असता?'

आयोडिन महाग होते आणि धातू खाई. पुढची पाच वर्षे ॲनिलिन, सेलेनियम, भयंकर दुर्गंधीचे टेलुरियम असे करत मिजली आवर्तसारणीतून हिंडला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाची चाचणी झाली. गॅलनभर पेट्रोलला ३ घन सेंटीमीटर एवढेसे पुरे होई. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल विकायला आले. पुढच्या तीसचाळीस वर्षांत गाड्यांमधले दाबाचे प्रमाण ४ वरून ९-१० पर्यंत गेले.

टकटक थांबवणारे आणखी एक द्रव्य मिजलीला माहीत होते, ते म्हणजे अल्कोहोल. पण ते थेंबांनी भागत नाही, दहा-वीस टक्के घालावे लागते. शिवाय अल्कोहोलचे पेटंट कोण घेणार?

औषध जाते कुठे?

शिसे विषारी आहे, हे तेव्हाही नवीन नव्हते. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजली शिशाच्या बाधेमुळे महिनाभर विश्रांतीवर होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, तीसहून अधिक आजारी पडले. त्याच महिनाअखेर मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले! मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला. विक्री काही काळ थांबली, पण १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

आठवीच्या विद्यार्थ्यालाही सुचेल असा प्रश्न इथे होता. पेट्रोल जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. मग शिशाचे काय होते? मूलद्रव्य जळून नाहीसे होत नाही. ते धुराबरोबर बाहेर पडते, रस्त्यावर बसते, श्वासातून आणि धुळीच्या हातांतून मुलांच्या रक्तात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीत बाधा आणते.

हे दाखवून देणाऱ्यांपैकी एक म्हणजे पृथ्वीचे वय शिशाच्या समस्थानिकांवरून काढणारे क्लेअर पॅटरसन. त्यांची प्रत्येक मोजणी बाहेरून आलेल्या शिशाने बिघडे. हे शिसे येते कुठून, याचा माग काढत ते मोटारींच्या धुरापर्यंत पोचले, आणि १९६५ मध्ये त्यांनी जाहीर इशारा दिला. पेट्रोल उद्योगाचे तज्ज्ञ रॉबर्ट किहो यांचे म्हणणे मात्र वर्षानुवर्षे एकच होते, की ठरावीक मर्यादेखाली शिसे निरुपद्रवी आहे. अमेरिकेत पेट्रोलमधले शिसे कमी होत गेले, तेव्हा १९७६ ते १९८० या काळात लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते जुलै २०२१ मध्ये संपले.

आता गॅरेजमध्ये परत येऊ

जुन्या गाडीच्या निदानात हा इतिहास आजही उपयोगी पडतो. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकींना उशीसारखा संरक्षण देई. शिसे गेल्यावर जड कामात मऊ बिडाच्या बैठका झिजू शकतात. मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि दाब गळतो. म्हणून पिकअप गेला, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एकाच सिलिंडरचे कमी आले, तर तिथे पाहावे. त्यानंतर ठिणगीची वेळ, मग मिश्रण. उपाय म्हणून टणक बैठका बसवता येतात; शिशाची गरज नाही.

आणि अल्कोहोल? भारतात २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा पल्ला गाठला गेला. त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असल्याने अशा मिश्रणात ऊर्जा सुमारे ६-७ टक्के कमी भरते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्याही तपासाव्या लागतात. हा तोटा खरा आहे. पण त्याची रास्त तुलना करायची, तर ती मुलांच्या रक्तातल्या शिशाशी केली पाहिजे. मिजलीने टकटक थांबते का, हे फार काटेकोरपणे तपासले होते. धूर जातो कुठे, हे मोजायला मात्र आणखी चाळीस वर्षे लागली.